शेवटचा दगड वेचेपर्यंत

“मामा, सगळे मेलेत ना? मग आपण थांबलोय कशाला?”

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवसाची दुपार होती. आदल्या दिवशी घागर भरून झालेली, सांजोऱ्या अजून डब्यात होत्या, आमरसाची सुस्ती घरभर पसरलेली. बाहेर निंबाला बांधलेला झोका उन्हामुळे रिकामा लटकत होता आणि ओसरीवर आप्पांचा पत्त्यांचा डाव कालच्यावरून पुढे चालू होता. आखाजीला पत्ते कुटणं आमच्याकडे पाप नाही. एरवी वर्षभर पत्त्याला हात न लावणारी माणसंही त्या दोन दिवसांत रुपया-दोन रुपये लावून बसतात. मी आतल्या खोलीत, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप घेऊन पडलो होतो. शेजारी पुण्याहून आलेला भाचा. वय अकरा. स्क्रीनवर काळंभोर अंतराळ, लांबवर निळसर धुळीचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात माझी दोन हार्वेस्टर यानं एका दगडाकडून मोठ्या जहाजाकडे, मोठ्या जहाजाकडून परत दगडाकडे, बैलगाडीच्या चालीने ये-जा करत होती. लढाई संपून पंचवीस मिनिटं झाली होती.

मी म्हटलं, “अजून दोन दगड उरलेत.”

“मग?”

“मग काय, वेचून घेऊ. पुढे लागतील.”

त्याने थोडा वेळ बघितलं. मग उठता उठता म्हणाला, “तू खेळत नाहीयेस मामा. तू वाट बघतोयस.” आणि ओसरीवर पत्ते बघायला निघून गेला.

मूल बोलून जातं आणि विसरतं. मला मात्र ते वाक्य कुसळासारखं लागून राहिलं. कारण हेच वाक्य त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, तीन वर्षांपूर्वी याच घरात मला ऐकवलं होतं. तेव्हा समोर दगड नव्हते, कापूस होता.

हा गेम म्हणजे होमवर्ल्ड. व्हँकुव्हरच्या रेलिक कंपनीने केला, सिएरा कंपनीने 1999 साली बाजारात आणला. माझी-त्याची गाठ पडली त्यानंतर चार-एक वर्षांनी, अमळनेरला स्टेशनाजवळच्या एका सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये. कॉपी केलेली सीडी, तिच्यावर मार्करने कुणीतरी ‘होम वर्क’ लिहिलेलं, त्यामुळे बराच काळ तिला कुणी हातच लावला नाही. बाकीची पोरं बंदुका घेऊन एकमेकांच्या मागे धावायची. मी कोपऱ्यातल्या मशीनवर हा गेम उघडला आणि पहिली दहा मिनिटं मला जहाज कुठे आहे, वर कुठे, खाली कुठे, काहीच कळेना. भारनियमनाचे दिवस होते. कॅफेवाल्याचा यूपीएस सात मिनिटं टिकायचा. दिवे गेले की तो ओरडायचा, “सेव्ह करा रे!” त्या सात मिनिटांत ताफा सुखरूप ठेवून गेम सेव्ह करणं ही माझ्या आयुष्यातली पहिली लष्करी शिस्त.

कथा तशी साधी. खराक नावाचा वाळवंटी ग्रह (मला दरवेळी खारीकच आठवते). तिथल्या लोकांना वाळूत गाडलेलं एक जुनं जहाज सापडतं, त्यात एक कोरलेला दगड, दगडावर आकाशगंगेचा नकाशा आणि एकच शब्द: हिगारा. अर्थ, आपलं घर. साठ वर्षं खपून ते एक प्रचंड जहाज बांधतात, कारन नावाची शास्त्रज्ञ स्वतःला त्या जहाजाला जोडून घेते, आणि सहा लाख माणसांना थंड झोपेत घालून घराकडे न्यायचं ठरतं. जहाज चाचणीसाठी पहिली उडी घेतं आणि परत येतं तेव्हा खराक जळत असतो. तिसऱ्याच टप्प्यात. सॅम्युअल बार्बर या संगीतकाराचं एक संथ समूहगान मागे वाजत असतं, कारनचा आवाज जराही न चढता सांगतो की आता तिथे कुणी उरलेलं नाही, आणि तुमच्यासमोर काम एवढंच की कक्षेत तरंगणारे झोपलेल्या माणसांचे सहा साठे शत्रूच्या हातून वाचवायचे. मी त्या दिवशी कॅफेतून बाहेर पडलो तेव्हा स्टेशनवर भुसावळकडे जाणारी पॅसेंजर लागली होती आणि डब्यांच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसांकडे मी उगाचच बघत राहिलो.

एवढ्या संयमाने दुःख सांगणारा दुसरा लढाईचा गेम मी पाहिलेला नाही. लढतानाही तो आरडाओरडा करत नाही. वैमानिक बोलतात ते रेडिओवर, थकलेल्या सुरात. पडद्यावर बटणांची गर्दी नाही. स्पेसबार दाबला की सगळं रणांगण नकाशासारखं लांबून दिसतं, ठिपके आणि रेषा. पुन्हा दाबला की तुम्ही एखाद्या छोट्या फायटरच्या शेपटीला चिकटून बसलेले. हे आत-बाहेर करणं इतकं सोपं होतं की नंतरच्या कितीतरी गेममध्ये मी ते शोधत राहिलो.

आणि तिसरी मिती. ताफा हलवायचा तर आधी एक आडवी तबकडी उघडते, तीवर जागा ठरवायची, मग शिफ्ट धरून वर किंवा खाली ओढायचं. हात बसायला वेळ लागतो. पण एकदा बसला की सपाट जमिनीवरचे लढाईचे गेम पाटीवरच्या फुलीगोळ्यासारखे वाटायला लागतात. शत्रूची आयन तोफ समोर सरळ मारा करते, तर आपण तिच्या पोटाखालून जायचं. बॉम्बर वरून सोडायचे, त्याच वेळी फ्रिगेटांची, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धजहाजांची, भिंत समोर उभी करून लक्ष तिकडे खेचायचं. गोलाकार, पंजा, त्रिकोण, भिंत अशा रचना असतात. गोल रचनेत फायटरांनी एखाद्या मोठ्या जहाजाला घेरलं की हिवाळ्यात ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या पाखरांच्या थव्याची आठवण होते. लहानपणी मी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचो. दगड सुटला की तो अख्खा थवा एका अंगाने उठायचा, हवेत वळायचा, आणि तुमच्या पाठीमागच्या तुकड्यात जाऊन बसायचा. गोफणवाल्याला कळतं ते हेच, की थव्याला पुढे-मागे असं काही नसतंच. या गेमने मला ते दुसऱ्यांदा शिकवलं.

नावाची एक गंमत सांगतो. सातव्या टप्प्यात ताफा एका तेजोमेघात शिरतो. त्या जागेचं नाव कादेशची बाग. पहिल्यांदा पडद्यावर वाचलं तेव्हा मी कॅफेत मोठ्याने ‘खान्देशची बाग’ असंच वाचलं आणि शेजारच्या दोघांनी खुर्च्या माझ्याकडे सरकवल्या. केळीच्या बागा कुठेयत म्हणून विचारत होते. बागेत राहणारे लोक येऊन तुम्हाला सांगतात, इथे सामील व्हा, नाहीतर मरा. इथून कुणी परत जात नाही. उडी मारायचं यंत्रही ते जाम करून टाकतात. त्यांची चिमुकली विमानं खरोखरच भोरड्यांसारखी येतात, शेकड्याने आल्यासारखी वाटतात, आणि इंधन संपलं की परत फिरतात. तेवढी उसंत हेरून लढायचं. पुढच्या टप्प्यात उलगडा होतो की हे परके नाहीतच. आपल्याच पूर्वजांच्या काफिल्यातले काही जण त्या मेघात लपायला थांबले आणि मग थांबूनच राहिले. त्यांची ही पोरं. बाकीचे पुढे गेले ते खराकपर्यंत पोचले.

आमच्या गल्लीतली अर्धी घरं सुरतेला आणि पुण्याला गेली. अर्धी थांबली. त्यामुळे असेल, पण त्या बागवाल्यांना मारताना मला कधीच जोर चढला नाही.

आता दोषांकडे येतो. ते मी पंचवीस वेळा तरी मित्रांना ऐकवले असतील. कॅमेरा कुठल्या ना कुठल्या जहाजाला बांधलेला असतो, मोकळ्या जागेत नुसता नेता येत नाही, त्यामुळे नवशिक्याला घेरी येते. रचना दिसायला देखण्या, पण दोन-तीनच खऱ्या कामाच्या. मूळ गेममध्ये फायटरना इंधन लागायचं आणि ऐन लढाईत ती कोरडी पडून रांगत परत यायची. मला ते आवडायचं, बहुतेकांना नाही. 2015 साली नव्या रंगरूपात गेम परत आला तेव्हा इंधन गायब झालं होतं. तो दुसऱ्या भागाच्या इंजिनावर बसवलेला असल्यामुळे सुरुवातीला रचनांचंही वाटोळं झालं होतं. 2016 च्या सुधारणेत ते बरंचसं सावरलं. सगळ्यात मोठी चोरवाट म्हणजे साल्व्हेज कॉर्व्हेट. ही छोटी टगबोटीसारखी यानं शत्रूच्या जहाजाला जाऊन चिकटतात आणि त्याला ओढत आपल्या घरी आणतात. दोन-तीन मिळून अख्खं फ्रिगेट उचलतात. एकदा हे कळलं की तोफा, बॉम्बर, डावपेच सगळं बाजूला पडतं आणि माणूस दरोडेखोर होतो. चौदाव्या टप्प्यात शत्रू आयन फ्रिगेटांचा भलामोठा गोल उभा करून ठेवतो. रचणाऱ्याने तो धडकी भरावी म्हणून रचलाय. आम्ही तो गोल बघून हात चोळायचो.

पण मला नडलेला दोष वेगळाच आहे, आणि गंमत अशी की तोच या गेमचा सर्वांत मोठा गुण. इथे ताफा पुढच्या टप्प्यात तसाच्या तसा जातो. इतर गेममध्ये दर लढाईला पाटी कोरी होते, नवी फौज मिळते. इथे पाचव्या टप्प्यात हलगर्जीपणाने गमावलेली दोन फ्रिगेट तेराव्या टप्प्यातही नसतात. आणि साधनसंपत्ती मोजकी: प्रत्येक नकाशात ठरावीक दगड, ठरावीक धूळ. एकदा उडी घेतली की मागे राहिलेलं कायमचं राहिलं. यामुळे प्रत्येक जहाजाला वजन येतं. माझ्या एका जुन्या कॉर्व्हेटला, पहिल्या टप्प्यापासून टिकलेलं म्हणून, मी शेवटपर्यंत लढाईत पुढे पाठवलं नव्हतं. घरातल्या म्हाताऱ्या बैलासारखं ते मागे उभं असायचं.

आणि यानेच माणूस कंजूष होतो. शत्रू संपला, मैदान शांत आहे, उडीचं बटण तयार आहे, गेम तुम्हाला कसलीच घाई करत नाही. मग तुम्ही बसता. हार्वेस्टर जातो, येतो. जातो, येतो. अर्धा तास, पाऊण तास. तेवढ्यात मी कधी चहा केलाय, कधी झोपलोय, एकदा तर मोटर चालू करायला मळ्यात जाऊन आलोय. डावपेचांच्या गेममधला माझा निम्मा वेळ असा गेला, आणि त्याला मी डावपेचच समजत होतो. 2003 च्या दुसऱ्या भागात तर करणाऱ्यांनी याच्यावर उलटा उतारा काढला: तुमचा ताफा जितका मोठा तितका पुढच्या टप्प्यातला शत्रू मोठा. मग लोकांनी काय करावं, तर उडीच्या आधी स्वतःचाच ताफा मोडीत काढून पैसे गाठीला बांधायचे, म्हणजे समोरून किरकोळ शत्रू येतो! साठवणाऱ्याला शिक्षा करायला गेले तर तो आणखी चलाख साठवणारा झाला.

2022 चा डिसेंबर. आदल्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. आमच्या आयुष्यात कधी बघितला नव्हता असा भाव, आणि तो आम्हाला मिळाला नव्हता, कारण आम्ही दिवाळीच्या आसपासच विकून मोकळे झालो होतो. त्यामुळे या वर्षी सगळा खान्देशच शहाणा झालेला. हमीभाव लांब धाग्याला 6,380. खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन आला तेव्हा साडेआठ हजार म्हणत होता. आप्पा द्यायला तयार होते. वेचणीचे पैसे द्यायचे होते, बायांचा तगादा होता. मी मध्ये पडलो. म्हटलं, आप्पा, थांबा. घाई कसली आहे? मार्चपर्यंत दहा होतील. मोबाइलवर आलेख दाखवले. आप्पांनी आलेखाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि खरेदीवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

कापूस पुढच्या खोलीत भरला. आढ्यापर्यंत. घरात कापूस ज्यांनी ठेवलाय त्यांना सांगायला नको. पहिले आठ दिवस श्रीमंती वाटते, पोरं त्यावर उड्या मारतात, खोलीला ऊबदार, तेलकट, सरकीचा वास येतो. मग त्यात बारीक कीड होते आणि सगळ्या घराला खाज सुटते. फरदडही, म्हणजे हंगाम संपल्यावर न उपटता उभीच ठेवलेली पऱ्हाटी, आम्ही ठेवली होती. बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत पोसली जाते, फरदड ठेवू नका, असं कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी ओरडतं; पण झाडाला वीस-पंचवीस बोंडं दिसत असताना पऱ्हाटी उपटायला हात धजत नाही. फेब्रुवारीत ती शेवटची वेचणी मी स्वतः केली. किडकी, पिवळी, नखाएवढी कवडी. ओट्यात टाकताना वाटत होतं, हेही पुढे लागेल.

जानेवारीत भाव उतरला. मी म्हटलं थांबा. मार्चमध्ये आणखी उतरला. मी म्हटलं, आता तर थांबायलाच हवं. आप्पा काही बोलायचे नाहीत. संध्याकाळी ओसरीवर बसून फक्त एवढंच विचारायचे, “आते काय भाव शे?” मी आकडा सांगायचो, ते मान हलवायचे. त्या वर्षी आखाजीला ताई आली तेव्हा पोरांना झोपायला पुढची खोली नव्हती. भाचा तेव्हा आठ वर्षांचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर, दंडावर लाल पुळ्या उठल्या. ताई त्याला कडुलिंबाच्या पाण्याने पुसत होती आणि माझ्याकडे न बघता बोलत होती. “तू शेती करत नाहीयेस रे भाऊ. तू वाट बघतोयस. पाडळसे धरणाची बघतात तशी.” तापीवरचं ते धरण आमच्या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या व्हायचंच आहे, म्हणून आमच्याकडे कशालाही हीच उपमा. मी हसण्यावारी नेलं.

जूनमध्ये, बियाण्यासाठी पैसे हवे होते म्हणून, दिला. सात हजारांच्या आत-बाहेर. वजनात सुकून घट आलेली, वरून कट्टी, म्हणजे व्यापारी कापतो ती कपात. मापारी काट्यावर गाठोडं टाकत होता आणि मी आत जाऊन बसलो होतो. माय म्हणाली, “जेवाले चाल.” आप्पा तेव्हाही मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. नंतर रात्री मी लॅपटॉप उघडला, होमवर्ल्ड लावला, आणि तीन तास खेळलो. त्या रात्री मी एकाही नकाशात एकही दगड मागे सोडला नाही, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

भाच्याचं वाक्य असं ठसठसत राहिलं. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर तो परत आला आणि म्हणाला, मला खेळायला दे. मी दिला. त्याला तबकडी समजायला मला लागला त्याच्या दहावा हिस्सासुद्धा वेळ लागला नाही. लढाई त्याने ओबडधोबड जिंकली, तीन फायटर उगाच घालवले. माझा जीव तुटत होता. शेवटचा शत्रू फुटला, उडीचं बटण उजळलं, आणि त्याने तत्क्षणी ते दाबलं. नकाशात पाच दगड शिल्लक होते. मी “अरे अरे” म्हणेपर्यंत निळं चौकोनी दार पूर्ण ताफ्यावरून सरकत गेलं आणि सगळी जहाजं नाहीशी झाली.

“ते राहिलं ना सगळं,” मी म्हटलं.

“राहू दे की. पुढे काय आहे ते बघायचंय.”

पुढच्या टप्प्यात तो सपाटून हरला. मनातून मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मी त्याला समजावून सांगितलं की बघ, ते पाच दगड असते तर दोन फ्रिगेट जास्त बांधता आली असती. तो ऐकत होता असं वाटलं. मग त्याने विचारलं, “पण मामा, तू शेवटपर्यंत किती वेळा पोचलास? हिगाराला?”

वीस वर्षांत दोनदा. कितीतरी खेळ मी बाराव्या-तेराव्या टप्प्यावर सोडून दिलेत. ताफा भरलेला, तिजोरी भरलेली, आणि कंटाळा आलेला. त्याला हे सांगितलं नाही. म्हटलं, बऱ्याचदा.

परवा ताईचा फोन आला होता. इकडचं-तिकडचं झाल्यावर भाच्याने तिच्या हातून फोन ओढून घेतला. त्याने तिकडे गेम घेतलाय, दहाव्या टप्प्यावर आहे, ताफ्यात सगळी मिळून अकरा जहाजं आहेत आणि त्यातली चार चोरलेली. मला म्हणाला, तू कुठे आहेस? मी म्हटलं, बागेतच आहे अजून.

“लढाई चालूय?”

“नाही, संपली.”

तो खिदळला. मागून ओसरीवरून आप्पांचा आवाज आला. कुणाचा फोन म्हणून विचारतील असं वाटलं, त्यांनी विचारलं, “काय भाव शे?” यंदाचा कापूस पुढच्या खोलीत नाही, आम्ही वेचला तसा देऊन टाकलाय, हे त्यांना ठाऊक आहे. तरी विचारतात. मी आकडा सांगितला. स्क्रीनवर हार्वेस्टर दगडाला जाऊन टेकला होता, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात शिल्लक दिसत होती.